गोष्टींतलें शेत

मुलांना गोष्ट सांगणें हें म्हातारपणाचें सर्वांत सोपें काम, अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. दांत पडले, डोळे अधू झाले, तरी गोष्टीला काय लागतें? एक राजा असला, त्याला एक आवडती आणि एक नावडती अशा दोन राण्या असल्या, कीं मुलें आपोआप जवळ सरकतात. आणि त्या राजाचें राज्य नेमकें कोठें होतें, त्याचा वसूल किती होता, असले प्रश्न विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु गेल्या संक्रांतीला ही आमची समजूत आमच्याच नातीनें मोडून टाकली.

नात पुण्यास असते. वय वर्षें नऊ. गड्ड्याची जत्रा पाहावयाची आणि शेतावर हुरडा खावयाचा, असा दुहेरी बेत ठरवून ती सोलापुरास आली होती. येतांना तिनें एक पुस्तक बरोबर आणलें होतें. मूळ परदेशचें, पण मराठींत उतरविलेलें. पानें गुळगुळीत, चित्रें मोठीं आणि अक्षरें थोडीं. डोंगराच्या पायथ्याशीं एक लहानसें शेत आहे. त्यावर आई, बाप, दोन मुलें, एक गाय, कांहीं कोंबड्या आणि एक म्हातारा घोडा असें सुखी कुटुंब राहतें. एके दिवशीं काळ्या मोटारींतून कांहीं अनोळखी माणसें येतात, आसपासचीं शेतें विकत घेतात, बांध मोडतात आणि घराएवढालीं यंत्रें आणून उभीं करतात. ओढ्याचें पाणी हिरवें पडतें, मधमाशा मरतात, पांखरें निघून जातात. शेवटीं तीं दोन मुलें सारा गांव गोळा करतात आणि काळी मोटार आल्या वाटेनें परत जाते.

अक्षतेच्या दिवशीं नंदीध्वज पाहून दमून आल्यावरही तिनें हें सारें पुस्तक आम्हांला मोठ्यानें वाचून दाखविलें. आम्ही “छान आहे” म्हणालों. तिनें पुस्तक मिटलें आणि विचारलें, “आजोबा, आपलं शेत ह्यातलं कुठलं? पहिलं कीं दुसरं?”

आम्हीं सदतीस वर्षें मास्तरकी केली आहे. उत्तर येत नसलें म्हणजे प्रश्न ज्याचा त्याला परत करावयाचा, ही युक्ति आमच्या चांगली अंगवळणीं पडलेली आहे. “तुला काय वाटतं?” असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “मी कुठं नीट पाहिलंय? उद्या जाऊ तेव्हां सांगीन.” आणि ती झोंपी गेली. आम्हांला मात्र लौकर झोंप आली नाहीं.

आम्ही लहानपणीं ऐकलेल्या गोष्टींत शेत कोठें होतें, तें आठवूं लागलों. चिमणीचें घर मेणाचें होतें, कावळ्याचें शेणाचें होतें. पाऊस आला आणि शेणाचें घर वाहून गेलें. पण तो पाऊस पेरणीचा होता कीं अवकाळी, हें कोणीं सांगितलें नाहीं. म्हातारी भोपळ्यांत बसून लेकीच्या घरून परत आली. तो भोपळा कोणाच्या परसांत पिकला होता, याचा गोष्टींत उल्लेख नाहीं. शेत गोष्टींत नव्हतें, कारण तें दाराबाहेर होतें. जें मूल कडब्याच्या गंजीवरून घसरगुंडी खेळतें, त्याला कडबा म्हणजे काय हें गोष्टींतून समजावून देण्याची जरुरी कोणास वाटणार? वासुदेव गोविंद आपट्यांनीं १९०६ सालीं ‘आनंद’ मासिक सुरूं केलें, त्या काळीं शहरांत शिकणाऱ्या मुलालाही बहुधा सुटींत जाण्यासाठीं एखादें गांव होतें. पुढें शहरें फुगलीं, शेत मुलांच्या डोळ्यांआड गेलें. आणि डोळ्यांआड गेलेलें माणूस जसें आठवणींत गोड होतें, तसें शेतही पुस्तकांत फार गोड होऊन बसलें. पुस्तकांतल्या शेतकरीदादाच्या खांद्यावर घोंगडी असते, ओठांवर गाणें असतें. त्याच्या पायांत कांटा मोडत नाहीं आणि त्याच्या दारांत सोसायटीचा वसुलीदार उभा राहत नाहीं.

एक चमत्कारिक योग या विचारांत आमच्या ध्यानांत आला. अमेरिकेंतील लॉरा इंगल्स वाइल्डर या बाईंनीं आपल्या बालपणावर लिहिलेलें ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ हें पुस्तक १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. गवताळ रानांत लाकडाचें घर बांधणारा आणि कोऱ्या जमिनींत पहिला नांगर घालणारा त्यांतला बाप मोठा प्रेमळ आहे. जगांतल्या लक्षावधि मुलांना तो आपलासा वाटला. परंतु त्याच १९३५ सालच्या १४ एप्रिलला अमेरिकेच्या त्याच मैदानी मुलुखांत असें काळें धुळीचें वादळ उठलें कीं भर दिवसा रात्र झाली. नांगरानें गवत निघालें होतें, पाऊस पडत नव्हता, आणि मोकळी झालेली माती वाऱ्याबरोबर निघाली होती. म्हणजे जें शेत गोष्टींत प्रेमळ होतें तें मातीच्या दृष्टीनें सर्वस्वीं निर्दोष नव्हतें. शिवाय तें रान रिकामें नव्हतेंच. तें ओसेज नांवाच्या तेथील मूळच्या लोकांचें होतें. आणि नेमकें त्याच वर्षीं आपल्याकडे साने गुरुजींची ‘श्यामची आई’ पुस्तकरूपानें आली. तींत झाडें आहेत, फुलें आहेत, पांखरें आहेत. पण त्यांच्याबरोबर कर्ज आहे, आणि घरावर येणारी जप्तीही आहे. मुलांच्या पुस्तकांत कर्जाला जागा देण्याचें धैर्य त्या एका माणसानें केलें, म्हणूनच तें पुस्तक वाचतांना शेतीवाडी असलेल्या घरांतल्या मुलाला तें आपल्या घरचें वाटतें.

आमचें शेत मोहोळ तालुक्यांत आहे. आजोबांच्या वेळीं तें तीस एकर होतें. वांटण्या होत होत आतां थोरले बंधु, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतों, ते आणि आम्ही मिळून अकरा एकरांचे धनी आहों. जमीन काळी, खोल, आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस सरासरीनें वर्षाला साडेपांचशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि त्यांतलाही मोठा वांटा भाद्रपदाच्या सुमारास यावयाचा. तो जमिनींत जिरवावयाचा, वाफसा आला कीं तिफणीनें ज्वारी पेरावयाची, आणि मग आभाळाचें तोंड न पाहतां केवळ पोटांतल्या ओलीवर पीक माघ-फाल्गुनापर्यंत आणावयाचें, ही आमच्याकडील रब्बीची विद्या. ही विद्या अडाण्यांची होती असें मात्र कोणीं समजूं नये. सोलापुरांत १९३३ पासून कोरडवाहू शेतीचें शास्त्रोक्त संशोधन होत आलें आहे. मोहोळच्या केंद्रांत स्थानिक ज्वारींतून निवडून काढलेलें मालदांडी ३५-१ हें वाण इतक्या वर्षांनींही शेतकरी विश्वासानें पेरतो, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. यंत्र आलें म्हणजेच शास्त्र आलें, असें थोडेंच आहे?

लहानपणीं आम्हांला या ज्वारींत एक मानाचें काम असे, तें म्हणजे पांखरें राखणें. चार मेढींवर माळा बांधलेला; त्यावर बसून गोफण फिरवावयाची आणि घशाला कोरड पडेतों ओरडावयाचें. कांठाकांठानें करडई पेरलेली. तिच्या कांट्यांमुळें जनावर आंत शिरत नसे. आज आमच्याकडे मनुष्यबळ, उद्यां तुमच्याकडे, अशी सावड चाले. पौषांत हुरडा, मग काढणी, मग खळें. वडील उपणणी करूं लागले कीं भूस एका बाजूला आणि मोत्यांसारखे दाणे दुसऱ्या बाजूला पडत. वर्षाचें धान्य पेंवांत जाई. माळरानांत कधीं कधीं एक मोठा, तोऱ्यानें चालणारा पक्षी दिसे. वडील हलक्या आवाजांत “माळढोक” म्हणत आणि बैल थांबवीत.

हें लिहितांना आमच्याही लेखणीला तीच गोडी सुटूं लागली आहे, हें सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. म्हणून दुसरी बाजू ताबडतोब सांगितली पाहिजे. १९७२ सालीं आम्ही बावीस वर्षांचे होतों. त्या वर्षीं पेंव उघडलें तेव्हां तळाशीं केवळ वास राहिला होता. बैल वडिलांनीं मोहोळच्या बाजारांत नेले आणि जी किंमत आली ती घेऊन, कोणाशीं एक शब्द न बोलतां, परत आले. आमची आई, जिनें गांवांतल्या रस्त्यावरही कधीं मोकळ्या डोक्यानें पाऊल टाकलें नव्हतें, ती दुष्काळी कामावर खडी फोडावयाला बसली. घरांत अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी होत. त्या थापतां थापतां तुटत. लहान मुलांना सुकडी मिळे. त्या वर्षीं कोणीं आम्हांला पुस्तकांतलें पहिलें शेत दाखवून “किती सुंदर!” म्हटलें असतें, तर आम्ही त्याला काय उत्तर दिलें असतें, तें येथें लिहिणें प्रशस्त नाहीं.

१९८० सालीं भीमेवरचें उजनी धरण पुरें झालें. पुढें कांहीं वर्षांनीं कालव्याचें पाणी आमच्या शिवारांत आलें. तें पहिलें पाणी पाहावयाला अण्णांनीं आईला गाडींतून नेलें होतें. तिनें ओंजळ भरून घेतली, पाण्याला हळदकुंकू वाहिलें, आणि ती बराच वेळ बांधावर बसून राहिली. पाण्यामागोमाग ऊस आला. उसामागोमाग पक्कें घर आलें, विजेची मोटर आली, बहिणीच्या मुलींचीं लग्नें झालीं. आमचा मुलगा, म्हणजे या नातीचा बाप, पुण्याच्या कॉलेजांत इंजिनिअर झाला, तो मास्तराच्या पगारावर झाला असें आम्हांला सांगतां येणार नाहीं. त्याची फी उसानें भरली. म्हणजे जी मुलगी आम्हांला पहिलें शेत कीं दुसरें शेत असें विचारीत होती, ती स्वतःच दुसऱ्या शेतावर वाढलेल्या रोपाचें फूल होती!

आणि तें दुसरें शेत तरी पुस्तकांतल्याप्रमाणें कोठें आलें? आमच्याकडे काळी मोटार आलीच नाहीं. याच जिल्ह्यांत माळीनगरचा कारखाना १९३० नंतरच्या दशकांत काढला तो सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनींच. पुढें १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटलांनीं धनंजयराव गाडगिळांच्या साह्यानें प्रवरेच्या कांठीं सहकारी कारखाना उभा केला, आणि त्याची प्रेरणा साऱ्या महाराष्ट्रांत पसरली. अण्णांच्या ओसरीवर विठोबाच्या तसबिरीशेजारीं कारखान्याचें भागपत्र कांचेंत घालून टांगलेलें आहे. दोहोंनाही सणासुदीला फुलें वाहिलीं जातात. गोष्टींतल्या राक्षसाला वेशीवरून परत पाठवितां येतें. पण ज्या राक्षसाचे आपण भागधारक आहों, ज्यानें आपल्या लेकरांच्या फिया भरल्या, त्याला कोणत्या मुलांनीं आणि कोणत्या वेशीवरून परत पाठवावें?

तो राक्षस आहे, एवढें मात्र आतां आमच्याही ध्यानांत येऊं लागलें आहे. आमच्या खोलगट भागांतली दोन एकर जमीन पाणी पिऊन पिऊन चोपण झाली. उन्हाळ्यांत तीवर मिठासारखा पांढरा थर येतो. बांधावरचीं बोरी-बाभळीचीं झाडें गेलीं, करडई गेली, बैल गेले; कडबा तर विकत आणावा लागतो. ज्वारीला जें पाणी पुरतें त्याच्या कितीतरी पट पाणी ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहून पितो. उजनीचा साठा म्हणावयास ११७ टीएमसी आहे. परंतु त्यांतला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठ्यांत मोडतो, आणि पाऊस नीट झाला नाहीं कीं वर्तमानपत्रांत ‘उजनी वजा’ असे मथळे येतात. सोलापूर शहरांत आमच्या नळाला कांहीं दिवसांआड पाणी येतें. पाणी सुटण्याच्या रात्रीं आम्ही बादल्या मांडून बसतों, आणि तिकडे आमचाच ऊस पाटाचें पाणी पीत उभा असतो. ही तक्रार कोणाविरुद्ध करावी? आणि माळढोक? त्याच्यासाठीं १९७९ सालीं नान्नजच्या बाजूस अभयारण्य झालें. पण आतां तो दिसला तर तेवढ्याची बातमी होते. उसांत त्या पक्ष्याला चालतां येत नाहीं.

मारुती चितमपल्ली आमच्या सोलापूरचे. १९३२ सालीं ते येथें जन्मले, २००६ सालीं येथेंच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२५ सालीं येथेंच त्यांनीं देह ठेवला. रानांतल्या झाडापांखरांना त्यांनीं मराठींत नांवें दिलीं, घरें दिलीं. रानाला असा लेखक लाभला. शेताच्या वांट्याला, मुलांसाठीं तितक्या जाणतेपणानें लिहिणारा, अजून यावयाचा आहे असें आम्हांला वाटतें. तो आला तर त्याला आमच्यासारख्यांच्या ओसरीवर बसून, तें भागपत्र पाहून, लिहावें लागेल.

दुसऱ्या दिवशीं आम्ही शेतावर गेलों. अण्णांनीं शेजाऱ्याकडून गुळभेंडीचीं कणसें मागून आणवलीं होतीं. स्वतःच्या अकरा एकरांत नातीला हुरडा खाऊं घालण्याएवढी ज्वारी नव्हती. गोवऱ्यांच्या आगटींत कणसें भाजलीं, हातावर चोळलीं, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर आम्हीं तीं खाल्लीं. मुलीच्या ओठांना राख लागली होती. तेथून जवळच आमच्या उसाची तोडणी चालली होती. बीडकडून आलेली टोळी होती. नवराबायकोच्या जोडीला तेथें ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराच्या नांवानें मोजण्याची ही रीत आमच्या कानांना इतकी सरावाची झाली आहे कीं, “कोयता म्हणजे माणूस का?” असें नातीनें विचारीपर्यंत तींत कांहीं वावगें आहे हें आम्हांला जाणवलेंही नव्हतें. मुकादमाकडून उचल घेऊन हीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास निघतात आणि ती फेडीत उन्हाळ्याच्या तोंडाशीं परत जातात.

बांधापलीकडे त्यांच्या कोपी होत्या. एका कोपीच्या सांवलींत नातीएवढीच एक मुलगी कडेवर तान्हें मूल घेऊन बसली होती. नात पुस्तक घेऊन तिच्यापाशीं गेली. आम्ही थोड्या अंतरावर बाभळीखालीं बसलों. मुलांच्या बोलण्यांत म्हाताऱ्यांनीं पडूं नये, हेंही मास्तरकीनें शिकविलें आहे.

त्या मुलीनें चित्रांवरून हात फिरविला. घोडा पाहून हंसली. तान्ह्यानें पान ओढलें, तेव्हां तिनें त्याचा हात हळूच सोडविला. मग तिनें विचारलें, “ह्या शेतात ऊस न्हाई?”

“नाही. हे गहू आहेत,” नात म्हणाली.

“मग तोडनी कोन करतं? त्यांच्या कोपी कुठं हायती?”

नातीनें पान उलटलें. पहिल्या शेताच्या चित्रांत आईबाप होते, मुलें होतीं, गाय होती. तिनें पुढचीं पानें उलटलीं. दुसऱ्या शेताच्या चित्रांत यंत्रें होतीं आणि काळ्या मोटारींतलीं माणसें होतीं. तिनें सारें पुस्तक एकदां पुढून आणि एकदां मागून चाळलें. कोपी कोठेंच नव्हती.

“तूं शाळेत जातेस?” नातीनें विचारलें.

“नाव हाय. दिवाळीपस्तोर जाते,” ती म्हणाली, आणि आईची हांक आली म्हणून तान्ह्याला घेऊन उठून गेली.

तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेच्या ‘तोत्तोचान’ या आत्मकथेंत एक प्रसंग आहे. शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी एके दिवशीं जवळच्या शेतांतल्या एका शेतकऱ्याला बोलावून आणतात आणि हे तुमचे शेतीचे गुरुजी, म्हणून मुलांशीं त्याची ओळख करून देतात. तें पुस्तक आम्हीं आमच्या वर्गांत वाचून दाखविलें होतें. त्या प्रसंगाशीं थांबून त्याची थोरवीही सांगितली होती. पण त्याच वर्गाच्या मागच्या बांकावर अशाच कुटुंबांतलीं दोन-तीन मुलें दिवाळीपर्यंत बसत आणि मग नाहींशीं होत. त्यांच्या नांवापुढें आम्ही गैरहजेरी मांडीत असूं. गैरहजर मुलगा त्या वेळीं कोणाच्या शेतांत होता, असा प्रश्न सदतीस वर्षांत आम्हीं स्वतःला एकदांही विचारला नाहीं. तो आमच्याच शेतांत असूं शकेल, ही कल्पना तर आम्हांला त्या बाभळीखालीं प्रथम सुचली.

घरीं आल्यावर ओसरीवर आम्हीं अण्णांजवळ विषय काढला. पुढल्या वर्षीं आमच्या वांट्याच्या दीड एकरांत मालदांडी पेरावी, असें आम्ही म्हणालों. अण्णा ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांनीं अडकित्ता थांबविला आणि आमच्याकडे पाहिलें.

“तुला हुरड्याची आठवण येते, मला बहात्तरची येते,” ते म्हणाले. “ज्वारीनं आपलं पोट भरलं असतं. तुझ्या मुलाची फी कुणी भरली असती?”

“मी उसाला नांव ठेवत नाहीं, अण्णा.”

“ठेवतोस. सोलापुरात बसून ठेवतोस. चोपण झालेली जमीन मी रोज पाहतों. तूं वर्षातनं दोनदां पाहतोस. ऊस मोडला तर ह्या लोकांनीं उचल फेडायला कुठं जायचं, तेही सांग.”

अण्णांचें बोलणें खोडून काढण्यासारखें आमच्याजवळ कांहीं नव्हतें. जो मनुष्य उपाशी राहून पाण्यापर्यंत पोंचला, त्याला पाण्याचें भय शिकविण्याचा अधिकार मिळवावा लागतो. थोड्या वेळानें त्यांनीं सुपारी तोंडांत टाकली आणि ते म्हणाले, “पेर दीड एकर. तुझाच वांटा आहे. पण पांखरं राखायला माणूस मिळत नाहीं आतां. माळ्यावर तुला बसावं लागेल.” यावर नात एवढ्या मोठ्यानें हंसली कीं अण्णांनाही हंसूं आवरेना.

रात्रीं तिला गोष्ट हवी होती. राजाराणीची गोष्ट सांगण्याचें धैर्य आम्हांला झालें नाहीं. आम्हीं तिला मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट सांगितली. शेताची म्हणावी अशी आमच्या मुलुखांतली तीच एक जुनी गोष्ट. मोठा दुष्काळ पडला, माणसें अन्नावांचून मरूं लागलीं. दामाजीपंतांनीं बादशहाचीं ज्वारीचीं कोठारें लोकांना मोकळीं करून दिलीं. बेदरच्या बादशहानें त्यांना धरून आणण्याचा हुकूम केला. तेव्हां पंढरीचा विठोबा विठू महाराचें रूप घेऊन दरबारांत गेला, धान्याची सारी किंमत त्यानें मोजून दिली आणि पावती आणली. ही गोष्ट आम्हीं आईच्या तोंडून शेंकडों वेळां ऐकली आहे.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “देवानं ज्याचं रूप घेतलं तो खरा विठूपण होता ना गावात?”

“असेल,” आम्ही म्हणालों.

“त्याला मिळाली का ज्वारी?”

शेंकडों वेळां ऐकलेल्या गोष्टींत हा प्रश्न आमच्या मनांत कधीं उठला नव्हता. दामाजीपंत कोठारें उघडतात, बादशहा रागावतो, देव धांवून येतो. पण ज्याच्या रूपानें देव आला त्याचें स्वतःचें घर गोष्टींत नाहीं. जें पुस्तकांतल्या दोन शेतांचें, तेंच आमच्या जुन्या गोष्टीचें. एका शेतावर प्रेमळ कुटुंब आहे, दुसऱ्यावर अजस्र यंत्र आहे. आम्ही मोठीं माणसें यांतलें कोणतें बरें यावर वाद घालतों, लेख लिहितों. आणि दोन्ही शेतांत जो वांकून काम करीत आला त्याची कोपी चित्राच्या चौकटीबाहेर राहते. आमच्या तीस एकरांच्या सुखी दिवसांतही सालगडी होताच. तो आमच्या माळ्याखालीं झोंपे. तो दुपारीं काय खात असे, तें आम्हांला आज आठवत नाहीं. माळढोक आठवतो.

“आजोबा,” झोंपेला टेकतांना ती म्हणाली, “आपलं शेत त्या पुस्तकात नाहीच. पहिलंपण नाही नि दुसरंपण नाही.”

पुण्यास परत जाण्याच्या दिवशीं सकाळीं ती पेन्सिल घेऊन बसली होती. जातांना पुस्तक आमच्या हातीं दिलें आणि बजावलें कीं हें त्या मुलीला नेऊन द्यावयाचें. उघडून पाहिलें तों पहिल्या चित्रांत, लाल कौलांच्या घराशेजारीं, तिनें एक कोपी काढली होती आणि कोपीच्या दारांत एक मुलगी, कडेवर मूल. घोड्याएवढीच ती मुलगी मोठी झाली होती, कारण जागेचा अंदाज चुकला होता. दुसऱ्या शेताच्या चित्रांतही, यंत्राच्या पुढ्यांत, तीच कोपी आणि तीच मुलगी होती.

आम्हांला शेतावर जावयाला आठ दिवस लागले. तोंपर्यंत आमचा फड संपला होता आणि टोळी दुसरीकडे गेली होती. कोपींच्या जागीं पाचटाचे ढीग आणि तीन दगडांची एक चूल उरली होती. मुकादमाला विचारलें; त्यानें नदीपलीकडच्या दोन गांवांचीं नांवें सांगितलीं. त्यांतल्या एका गांवीं आम्ही जाऊन आलों. तेथें दुसरीच टोळी होती.

पुस्तक अजून आमच्या टेबलावर आहे. आश्विनांत दीड एकराची पेरणी करावयाची आहे. दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा येतील. तीच मुलगी येईल असें नाहीं, आणि ती न आली, शाळेंतच राहिली, तर त्याहून चांगलें कांहीं नाहीं. परंतु कोणी तरी येईलच. माळ्यावर बसून पांखरें राखतां राखतां पुस्तक वाचून दाखवितां येतें कीं नाहीं, तें तेव्हां पाहूं.